जंगलातली नदी, शहरातला नाला

मे महिना उजाडला की मुंबईत नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात. किती टक्के गाळ काढला, किती राहिला, कंत्राटदाराने काट्यावर किती वजन दाखवले, विरोधकांनी काय आरोप केले. दरवर्षी तेच. या बातम्या वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. नाल्यांच्या बरोबरीने त्या यादीत मिठी असते, दहिसर असते, पोईसर असते, ओशिवरा असते. या चारही नद्या आहेत. त्या टेकड्यांत उगम पावतात, त्यांना आपापले खोरे आहे, आणि शेवटी त्या खाडीला मिळतात. तरी काठावर राहणारे त्यांना नाला म्हणतात, रिक्षावाला पत्ता सांगताना नाला म्हणतो, आणि साहेबलोकही बोलण्याच्या ओघात नालाच म्हणतात. एकदा नाला म्हटले की त्याच्याकडून आपली अपेक्षा एवढीच उरते की त्याने घाण घेऊन लवकर नजरेआड व्हावे.

आमच्या कोकणात वाहत्या पाण्याला किती नावे आहेत! पावसात चार दिवस वाहतो तो ओहोळ, घरामागून खळखळतो तो पऱ्या, गावाची हद्द सांगतो तो ओढा, मग नदी, आणि भरतीचे पाणी आत येते तिथून पुढे खाडी. प्रत्येक नावाबरोबर वागण्याची एक रीत येते. पऱ्यात जनावर धुवायचे ते कुठे, बायकांनी कपडे धुवायचे ते कुठे, प्यायचे पाणी कुठून घ्यायचे, हे ठरलेले असे. मुंबईत येता येता ही सगळी नावे गळून पडली आणि दोनच उरली. स्वच्छ पाणी येते तो नळ, आणि घाण जाते तो नाला.

मी दहिसर नदीविषयी लिहितो आहे, कारण तिची सगळी लांबी १२ किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा अंतरात तिची दोन रूपे दिसतात. वरचा भाग दाट जंगलातून जातो, खालचा भाग दाट वस्तीतून. पाणी तेच, खडक तोच, पाऊसही तोच. तरी उद्यानाच्या कुंपणाच्या अलीकडे ती नदी असते आणि पलीकडे गेली की नाला होते. हा बदल कशाने होतो, हे नीट पाहिले तर मुंबईच्या पुराचे अर्धे कोडे सुटते.

आधी नकाशा समजून घेऊ. मुंबई उपनगर म्हणजे जुने साष्टी बेट. त्याच्या मधोमध टेकड्यांची रांग आहे आणि त्या रांगेवर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ साधारण १०४ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच जागा जांभूळमाळ, समुद्रसपाटीपासून ४६८ मीटर. खडक बहुतेक ज्वालामुखीचा, सह्याद्रीच्याच कुळातला. या टेकड्यांवर वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. डोंगरावर पडलेले पाणी चारी दिशांना उतरते. दक्षिणेकडे विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन मिठी निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. पश्चिमेकडे पोईसर उतरते, आरेच्या बाजूने ओशिवरा. तुळशी तलावाच्या परिसरातल्या डोंगरांतून दहिसर निघते आणि वायव्येकडे वाहत जाऊन मनोरीच्या खाडीत शिरते. म्हणजे कुर्ल्यात ज्याच्या घरात पाणी शिरते आणि दहिसरच्या कांदरपाड्यात ज्याच्या घरात शिरते, त्या दोघांच्या दारात येणारे पाणी एकाच डोंगरावरून निघालेले असते. ते दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, एवढेच.

हे जंगल वाचले तेही पाण्यामुळेच. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या विहिरी आणि तळी अपुरी पडू लागली, तेव्हा विहार तलाव बांधला गेला. १८६० मध्ये तो पूर्ण झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. पुढे १८७९ मध्ये तुळशी झाला. तलावात स्वच्छ पाणी यायचे तर भोवतालच्या डोंगरावर वस्ती आणि शेती नको, झाडे हवीत, हे त्या वेळच्या इंजिनिअरांना कळत होते. म्हणून तलावांचे पाणलोट क्षेत्र राखले गेले आणि पुढे तेच राष्ट्रीय उद्यानाचा भाग बनले. आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा आणि वैतरणेकडून येते, तुळशी-विहारचा वाटा फार थोडा आहे. पण पाणी हवे तर डोंगर राखा, हा धडा या शहराने दीडशे वर्षांपूर्वी गिरवला होता, हे विसरायला नको.

आता जंगलातली नदी कशी वाहते ते पाहा. जूनचा पहिला पाऊस पडतो तेव्हा जमीन तहानलेली असते. पाऊस आधी पानांवर अडतो, मग खोडावरून ओघळतो, मग पालापाचोळ्यात मुरतो. उतारावर कारवीची दाट झुडपे माती धरून ठेवतात. मातीचा थर जाड नाही, पण खाली खडकाला भेगा आहेत आणि पाणी त्या भेगांत शिरते. म्हणून पहिल्या एकदोन सरींत ओढ्याला फारसे पाणी येत नाही. जमीन भरली की मग तो वाहू लागतो, आणि एकदा वाहू लागला की पाऊस दोन दिवस थांबला तरी वाहतच राहतो, कारण खडकात मुरलेले पाणी हळूहळू पाझरत असते. ऑगस्टमध्ये पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे मोजता येतात. दिवाळीपर्यंत धार बारीक होते. उन्हाळ्यात वाहणे थांबते आणि जागोजागी डोह उरतात. त्या डोहांवर माकडे येतात, चितळ येतात, रात्री बिबट्या येतो. पुढच्या पावसात मासे पुन्हा प्रवाहाविरुद्ध वर चढू पाहतात. कोकणात याला वलगण म्हणतात.

या सगळ्यात जंगल एकच काम करत असते, पाण्याला उशीर लावण्याचे. एका तासात पडलेला पाऊस ते एका तासात खाली सोडत नाही. काही पाणी तासाभराने सोडते, काही आठवड्याने, काही तीन महिन्यांनी. नदीचे पात्रही त्याला साथ देते. ते सरळ नसते. वळणे घेते, खडकाला अडखळते, कुठे पसरते, कुठे डोहात थांबते. इंजिनिअरला हा अडथळा वाटेल. पण खालच्या माणसाचा जीव याच अडथळ्यांमुळे वाचतो.

याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षे बौद्ध भिक्खू तिथे राहत होते. लेणी शंभराहून अधिक आहेत. लोक तिथे जातात, मूर्ती बघतात, फोटो काढतात आणि परततात. मी वाचकांना विनंती करीन की पुढच्या वेळी गेलात तर पायाखाली बघा. लेण्याबाहेरच्या कातळात बारीक पन्हळी खोदल्या आहेत. डोंगरावरून ओघळणारे पाणी त्या पन्हळींतून शेजारच्या टाक्यात जाते. या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत पोढी म्हटले आहे आणि त्या कुणी दान केल्या तेही कोरून ठेवले आहे. कल्याण, सोपारा अशा बंदरांतल्या माणसांची दाने तिथे नोंदलेली आहेत. लेण्यांच्या मधल्या घळीतून पावसाळी ओढा वाहतो. त्याला न बुजवता, न वळवता माणसे त्याच्या दोन्ही अंगांनी शेकडो वर्षे राहिली. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा तर तो पडतो तिथेच धरला पाहिजे, हे त्यांना उमगले होते. आपल्याकडे पंप आहेत, बोगदे आहेत, संगणक आहेत, आणि आपण पडलेला पाऊस शक्य तितक्या लवकर समुद्रात ढकलण्याची योजना करतो.

नदी उद्यानातून बाहेर पडते आणि सारे पालटते. श्रीकृष्णनगर, मग हमरस्ता, दौलतनगर, रेल्वेचे रूळ, कांदरपाडा, दहिसर गावठाण, असा तिचा पुढचा प्रवास आहे. जुने दहिसरकर सांगतात की एके काळी या काठावर सिनेमांची शूटिंगे होत. आज दोन्ही बाजूंना संरक्षक भिंती आहेत, भिंतीला लागून घरे आहेत, काही झोपड्या, काही इमारती. तबेल्यांचे शेण, घरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी, प्लास्टिक, राडारोडा हे सारे तिच्यात येते. उन्हाळ्यात जंगलातला ओढा आटतो तेव्हा खालच्या पात्रात जे वाहत असते ते निव्वळ सांडपाणी असते. मग लोक नाक दाबून नाला म्हणतात. त्यांचे तरी काय चुकले? ज्या मुलाने नदी कधी पाहिलीच नाही, त्याला हाच नाला दिसणार.

घाण डोळ्यांना दिसते, म्हणून तिची चर्चा होते. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न जागेचा आहे. थोडा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी भरते १० कोटी लिटर. जंगलात यातला बराच भाग थांबतो, मुरतो, उशिरा निघतो. डांबर, काँक्रीट आणि पत्र्यावर मुरायला जागाच नाही. ते जवळजवळ सगळे तासाभरात गटारात आणि गटारातून नदीत येते. म्हणजे शहराने नदीत येणारे पाणी वाढवले आणि त्याच वेळी नदीची रुंदी कमी केली. जिथे ती पावसाळ्यात पसरत होती ती जागा भिंतीबाहेर टाकली. मग तळाला काँक्रीट घातले की पाणी आणखी वेगाने पळते आणि खालच्या वस्तीवर जाऊन आदळते. वरच्या वस्तीला वाटते आपला पूर गेला. तो गेला नाही, शेजाऱ्याकडे पाठवला.

आणि शेवटी खाडी. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की खाडीचे पाणी नदीला आत घेत नाही, उलट तिच्या तोंडातून वर चढते. पूर्वी खाडीच्या तोंडाशी खाजणे आणि तिवरांची दाटी होती. दोन्ही बाजूंचे पाणी तिथे पसरून थांबत असे. ती जागा जितकी भराव टाकून घेतली, तितके पाणी मागे सरकून घरांत शिरले. जंगल जे काम वरच्या टोकाला करते तेच काम तिवर खालच्या टोकाला करतात. आपण मधल्या भागात भिंती बांधतो आणि दोन्ही टोके कुरतडतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसानंतरच कित्येक मुंबईकरांना कळले की मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे. त्यानंतर समिती नेमली गेली, प्राधिकरण झाले, रुंदीकरण झाले. पण मला त्या दिवसांतली चर्चा आठवते. टीव्हीवर, ट्रेनमध्ये, ऑफिसात एकच सूर होता की झोपडपट्टीवाल्यांनी नदी अडवली. कुर्ला, साकीनाका, धारावी अशी नावे घेतली जात आणि ती नावे घेताना कोणत्या समाजाकडे बोट आहे हे न सांगताही कळत असे. नदीच्या काठावर आणि पात्रात झोपड्या होत्या, हे खरेच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मिठीवरून विमानतळाची धावपट्टी गेली आहे आणि नदी तिच्याखालून वळवलेली आहे. वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे ते मिठीच्या मुखाजवळच्या दलदलीवर आणि खाजणावर. नकाशा समोर ठेवला तर कुणी किती जागा घेतली हे शाळकरी मुलालाही मोजता येईल. ज्याच्याकडे कागद आहे त्याच्या भरावाला विकास म्हणायचे आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या झोपडीला अतिक्रमण, अशी आपली भाषा आहे. पाण्याला कागद वाचता येत नाही. त्याला फक्त उतार कळतो.

माझ्याच समाजातल्या वाचकांनाही एक सांगायचे आहे. आपल्यावर अन्याय्य आरोप होतो म्हणून आपला वाटाच नाही असे समजू नये. आपल्या मोहल्ल्यांचा कचरा, आपल्या कारखान्यांचे रंग-रसायन, कुर्बानीनंतरची घाण काही ठिकाणी नदीतच जाते. दुसऱ्या मोहल्ल्यांतले निर्माल्य आणि मूर्ती जातात, तबेल्यांचे शेण जाते. यादी सर्वांची आहे. इस्लामी फिकहमध्ये 'हरीम' नावाची एक कल्पना आहे. विहीर, झरा, कालवा किंवा नदी यांच्या भोवतीची ठराविक मोकळी जागा त्या पाण्याचीच मानली जाते, आणि पाण्याला बाधा येईल असे काही तिथे कुणी करू नये, असा दंडक आहे. किती हात जागा सोडायची यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण पाण्याला स्वतःची जागा असते, यावर एकमत आहे. महाराष्ट्रात पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखते. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या मागेही हाच विचार आहे. मदरशात शिकलेल्याला आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्याला जे एकच कळते, ते नगर नियोजनाच्या नकाशावर यायला इतका वेळ का लागतो, हा खरा सवाल आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की काठावर आज हजारो माणसे राहतात, नदीला जागा द्यायची म्हणजे त्यांना हाकलायचे का? मी हाकलण्याच्या विरोधात आहे. माहुलचा अनुभव ताजा आहे. जलवाहिनीच्या काठावरून उठवलेल्या कुटुंबांना रिफायनरीच्या शेजारी नेऊन ठेवले आणि लोक आजारी पडू लागल्याच्या तक्रारींसाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. असे पुनर्वसन म्हणजे एका संकटातून दुसऱ्यात ढकलणे. पण निळ्या रेषेच्या आत माणसाला दर जुलैत छातीभर पाण्यात उभे ठेवणे ही त्याच्यावरची दया नाही. त्याला त्याच वॉर्डात, मुलाची शाळा आणि बाईचे काम सुटणार नाही एवढ्या अंतरावर पक्के घर दिले पाहिजे. आणि मोकळी झालेली जागा पुन्हा बिल्डरला किंवा पार्किंगला न देता नदीकडेच राहिली पाहिजे. हा दुसरा भाग पाळला गेला नाही तर पहिला भाग निव्वळ फसवणूक ठरतो.

दुसरा आक्षेप असा की भिंतींनी माणसे वाचतात, त्या काय पाडायच्या? नाही. जिथे घर अगदी कडेला आहे तिथे भिंत लागेलच. पण उद्यानाच्या हद्दीपासून खाडीपर्यंत सरसकट भिंत आणि तळाला काँक्रीट हा उपाय नव्हे. जिथे मैदान आहे, बाग आहे, सरकारी मोकळी जमीन आहे, तिथे नदीला पसरू द्यावे. मैदान वर्षातून चार दिवस पाण्याखाली गेले तर मुलांचे क्रिकेट बुडेल. त्या बदल्यात खालची वस्ती बुडायची वाचेल.

महापालिकेने दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्यांत येणारे सांडपाणी अडवून शुद्ध करण्याची कामे हाती घेतली आहेत. ती चांगली आहेत, वेळेत व्हावीत. पण पाणी स्वच्छ झाले आणि पात्र भिंतीतच राहिले, तर आपल्याला स्वच्छ पाण्याचा पूर मिळेल. म्हणून डोंगरापासून खाडीपर्यंत नदीचा एकच आराखडा हवा. आज वरचा भाग वनखात्याकडे, मधला महापालिकेकडे, खालची तिवरे आणखी कुणाकडे. जंगलाखालून बोरिवली-ठाणे आणि गोरेगाव-मुलुंड बोगदे काढायचे ठरले आहे. जंगलाच्या पृष्ठभागाला धक्का लागणार नाही, असे सांगितले जाते. पण या ओढ्यांचे पावसाळ्यानंतरचे पाणी खडकाच्या भेगांतूनच येते. म्हणून कामाच्या आधी, चालू असताना आणि नंतर झऱ्यांचे पाणी मोजले जावे आणि आकडे लोकांसमोर ठेवले जावेत, एवढी मागणी अवास्तव नाही. उद्यानातल्या पाड्यांवर वारली, कातकरी, मल्हार कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो हे त्यांना तोंडपाठ आहे. मोजणी करायची तर त्यांना सोबत घ्यावे. त्यांच्यापैकी अनेकांना तलावाच्या शेजारी राहूनही नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, हीसुद्धा याच भूगोलाची एक बाजू आहे.

आणि एक काम असे आहे ज्याला ना निधी लागतो ना निविदा. नावे परत आणायची. शाळेत मुंबईचा भूगोल शिकवताना या चार नद्या फळ्यावर काढाव्यात. मुलांना सप्टेंबरमध्ये उद्यानात नेऊन वरचे पाणी दाखवावे आणि त्याच दिवशी पुलावर उभे करून खालचे दाखवावे. फरक त्यांना सांगावा लागणार नाही. मशिदीत, देवळात, सोसायटीच्या बैठकीत, रेशनच्या रांगेत तिला दहिसर नदी म्हणावे. नाला म्हटले की सफाईचा ठेका निघतो. नदी म्हटले की ती कुठून येते, तिला पुढे जायला वाट आहे का, आणि तिची जागा कुणी घेतली, हे विचारता येते. येत्या पावसाळ्याआधी आपल्या नगरसेवकाला हे तीन प्रश्न प्रत्येकाने विचारावेत.